नसलेल्या शहरात दिवे लावताना

लोणावळ्याच्या एका बिल्डरनं मला एकदा सूर्य उत्तरेला मावळवायला सांगितलं होतं. त्याच्या इमारतीची देखणी बाजू उत्तरेला होती आणि जाहिरातीच्या चित्रात संध्याकाळचं सोनेरी ऊन त्याच बाजूवर पडायला हवं होतं. मी म्हणाले, "साहेब, तिकडे सूर्य जात नाही." तो म्हणाला, "मॅडम, सूर्य तुमच्या कॉम्प्युटरमधलाच आहे ना? मग सरकवा की जरा."

मी सरकवला. आमच्या धंद्यात सूर्य सरकवायला फार कष्ट पडत नाहीत. माउस धरायचा आणि ओढायचा. कष्ट पुढे असतात. सूर्य हलला की सावल्या हलतात, काचांमधली प्रतिबिंबं बदलतात, गवताचा रंग बदलतो, आणि बघणाऱ्याला नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी चित्रात काहीतरी खोटं आहे हे कळतं. ते कळू न देणं हे माझं काम. तेच मी आयुष्यभर केलं. आता सोडलं आहे, म्हणून निवांतपणे लिहिते आहे. निवांत म्हणजे दमल्यावर माणूस निवांत असतो तसं.

माझ्या कामाला लायटिंग म्हणतात. सिनेमात जी शहरं कुठंच अस्तित्वात नसतात, ती संगणकावर बांधावी लागतात. बांधणारे वेगळे असतात. त्यांच्याकडून शहर माझ्याकडे येतं तेव्हा ते सिमेंटच्या रंगाचं आणि पूर्ण अंधारात असतं. त्यात सूर्य, आकाश, खिडक्यांतले दिवे, पाट्या, धूर, धुकं हे सगळं मी घालायचं. तेवढ्यानं काम संपत नाही. त्या शहराकडे पाहून माणसाला काय वाटायला हवं, ते ठरवायचं. त्याला आम्ही मूड म्हणतो. दिग्दर्शक सांगतो, "उदास हवं, पण निराश नको." मग मी दोन दिवस उदास आणि निराश यांच्यातलं अंतर शोधत बसते. कधी ते आकाशाच्या रंगात सापडतं, कधी नुसत्या चार खिडक्या विझवून.

नव्यानं शिकणारी मुलं हमखास एक चूक करतात. सगळ्या खिडक्यांत सारखे दिवे लावतात. खऱ्या गावात तसं नसतं. कुणाकडे पिवळा, कुणाकडे पांढरा, कुणाची ट्यूब मरायला टेकलेली, कुणी घरीच नाही. मी मुलांना म्हणायचे, आधी त्या खिडकीमागे कोण राहतं ते ठरवा, मग दिवा लावा. आणि दिवा लावलात की त्याच्याभोवती किंचित उजेड पसरू द्या. डोळ्याला आणि कॅमेऱ्याला दिवा कधी नुसता ठिपका दिसत नाही. त्याच्याभोवती मऊ कडं असतं. त्याला आम्ही ग्लो म्हणतो. तो जास्त झाला की चित्र चिकट होतं, कमी झाला की दिवे टिकल्या चिकटवल्यासारखे दिसतात.

हे सगळं मला फार चांगलं येत होतं. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. म्हणूनच पुढे जे झालं ते मला फार लागलं.

पुण्यातल्या ज्या स्टुडिओसाठी मी काम करत होते, त्यांच्याकडे एका परदेशी मालिकेचं काम आलं. गोष्ट भविष्यातली होती. डोंगरांच्या कुशीत, एका खोल दरीत वसलेलं शहर आणि त्या शहराला पाणी पुरवणारी एक इंजिनियर बाई. ती तरुणपणी शहरात येते, तिथंच म्हातारी होते आणि शेवटच्या भागात शहर सोडून जाते. शहर मालिकाभर दिसणार होतं, दर वेळी वेगळ्या उजेडात. स्टुडिओनं शहराच्या लायटिंगचं प्रमुखपद मला दिलं. एव्हाना मी तळेगावला घरूनच काम करत होते. माझ्या हाताखाली मानसी होती. मानसी लोणावळ्याची. तिशी ओलांडलेली, कमी बोलणारी. आठवड्यातून दोनदा ती सकाळच्या लोकलनं माझ्याकडे यायची आणि आम्ही शेजारीशेजारी बसून काम करायचो. दिवसभर "ताई, हे बघता का?" याच्यापलीकडे तिचं बोलणं जात नसे.

सुरुवात चांगली झाली. पहिल्या भागातली सकाळ दिग्दर्शकाला इतकी आवडली की मीटिंगमध्ये त्यानं ती पुन्हा लावायला सांगितली. मग काय बिघडलं कळेना. मी पाठवलेलं एकेक दृश्य परत यायला लागलं. संध्याकाळ फार निळी आहे. शहर थंड वाटतंय. दिवे चिकटवल्यासारखे दिसताहेत. एकदा तर तो म्हणाला, "या शहरात कुणी राहत नाही असं वाटतं." ज्या गोष्टी मी मुलांना शिकवत आले, त्याच मला कुणीतरी सांगत होतं.

मी पुन्हा पुन्हा पडद्याकडे बघायचे. मला निळं दिसत नव्हतं. दिव्यांना ग्लो भरपूर दिसत होता. उलट जरा जास्तच वाटायचा, म्हणून मी तो आणखी कमी करायचे. मला वाटलं, या माणसाला स्वतः काय सांगतो ते कळत नाही. असे दिग्दर्शक मी पुष्कळ पाहिले होते. मग वाटलं, आपणच थकलो. इतकी वर्षं पडद्यासमोर काढली, आता नजर मेली असेल. थकव्याचं कारण सगळीकडे चालतं. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे सहन होईनात, म्हणून मी अंधार पडल्यावर गाडी चालवणं सोडलं. तेही थकव्यामुळेच असं म्हणाले. घरातले बल्ब पिवळे वाटतात म्हणून नवऱ्याला नवे आणायला लावले. तो म्हणाला, "अगं, हे पांढरेच आहेत." मी म्हणाले, "दुकानदारानं फसवलं तुला."

मग अचानक गाडी रुळावर आली. दृश्यं पास व्हायला लागली. मी पाठवायचे, मानसी ती शेवटचं एकदा तपासून स्टुडिओकडे रवाना करायची, आणि दोन दिवसांनी दिग्दर्शकाचा निरोप यायचा, छान झालंय. मला हुरूप आला. मानसीला म्हणालेसुद्धा, "बघ, आता त्याला आपली भाषा कळायला लागली." ती मान खाली घालून म्हणाली, "हो ताई."

शेवटच्या भागाचं काम सुरू करण्याआधी मला खरी दरी बघावीशी वाटली. दरीत अंधार कसा उतरतो, खाली दिवे कसे लागतात, हे पडद्यासमोर बसून आठवत नाही. दिवाळीनंतरचे दिवस होते, हवा कोरडी होती. मानसीनं माझी गाडी चालवली आणि आम्ही दुपार कलताना लोहगडवाडीला पोचलो. गडाकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी सुमनमावशींची टपरी आहे. चहा, भजी, लिंबूसरबत. कामाच्या निमित्तानं मी तिथं पुष्कळदा गेले होते, त्यामुळे मावशी ओळखायच्या. ट्रेकिंगवाली पोरं उतरून गेली होती. आम्ही बाकावर बसलो.

सूर्य डोंगराआड गेला. मळवलीच्या बाजूला खाली एकेक दिवा लागू लागला. मला फार बरं वाटलं. मी मानसीला म्हणाले, "बघ. असं धुकं हवं आपल्याला शेवटच्या दृश्यात. प्रत्येक दिव्याला कसं कडं आलंय बघ. मोठं, गोल, रंगीत."

मावशी कप उचलायला आल्या होत्या. त्या खाली बघून म्हणाल्या, "धुकं कुटं हाय ताई? आज तर समदं सपष्ट दिसतंय."

"अहो, ते बघा ना, दिव्यांच्या भोवती."

"न्हाई बा. मला तर न्हाई दिसत." आणि त्या कप घेऊन आत गेल्या.

मी मानसीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. म्हणाली, "ताई, धुकं नाहीये."

मी डावा डोळा हातानं झाकला. दरी पुसट झाली आणि दिव्यांभोवतीची कडी एकमेकांत मिसळली. उजवा झाकला तेव्हा कडी लहान झाली. पण होती. मी हात काढला आणि बसून राहिले. गाड्यांचे दिवे, घरातले बल्ब, निळी संध्याकाळ, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. दोष माझ्या डोळ्यांत होता. प्रत्येक दिव्याला माझेच डोळे ग्लो लावत होते, म्हणून चित्रातला मी काढून टाकत होते. पिवळेपणाही माझ्याच डोळ्यांत होता, म्हणून मी शहरात निळा ओतत होते.

आणि मग पुढचा प्रश्न आपोआप आला. "मग मधल्या काळात सगळं पास कसं होत होतं?"

मानसी रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "मी बदलायचे ताई. तुम्ही दिलं की पाठवायच्या आधी निळा कमी करायचे. ग्लो वाढवायचे. थोड्या खिडक्या..."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तुम्हाला वाटलं असतं मी शहाणपणा करते. आणि स्टुडिओला कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला काढलं असतं. तुमच्याकडूनच तर शिकले मी सगळं."

मला राग आला. खोटं सांगत नाही, आधी रागच आला. इतके दिवस मी दुसऱ्याच्या कामाचं कौतुक अंगावर घेत फिरत होते आणि ते देणारी माझ्या शेजारी बसून गप्प होती. मी उठून गाडीत जाऊन बसले. मानसी घाटातून जपून गाडी चालवत होती. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर मला एक मोठं रंगीत चक्र अंगावर येताना दिसत होतं. मी डोळे मिटून घेतले. तळेगावला घराशी पोचल्यावर तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्या येऊ का?" मी म्हणाले, "ये."

डॉक्टरीणबाईंनी मशीनमधून बघितलं आणि सरळ सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. मी म्हणाले, माझं एवढं वय नाही. त्या म्हणाल्या, दम्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यात, त्यानं लवकर होऊ शकतो. ऑपरेशन सोपं आहे. त्यांच्या दृष्टीनं ती रोजची गोष्ट होती. त्यांनी काय काम करता असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते कोण जाणे. सुदैवानं त्यांनी विचारलं नाही.

मानसीचं म्हणणं होतं, स्टुडिओला काही सांगायचं नाही. सुट्टी घ्यायची, ऑपरेशन करायचं, तोवर ती सांभाळेल. सोयीचं होतं. पण मला ते जमेना. आमच्या कामात माणसाची किंमत त्याच्या नजरेवर असते. ती नजर गेली होती आणि माझ्या नावावर दुसरीची नजर चालत होती. मानसीनं प्रेमानं केलं होतं, म्हणून तर ते आणखी जड वाटत होतं. मी पुण्याला फोन लावला आणि स्टुडिओच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "इथून पुढे शहर मानसीचं. मीटिंगमध्येही तीच बोलेल. मी आहेच."

ते म्हणाले, "डोळ्यांचं क्लायंटला कळवायची काही गरज नाही ना?"

"नका कळवू. पण मानसीचं नाव कळवा."

"बघतो," म्हणाले. आमच्या धंद्यात बघतो म्हणजे काय ते मला माहीत होतं. म्हणून मी तिथंच थांबले नाही. पुढच्या मीटिंगमध्ये दिग्दर्शक पडद्यावर दिसल्याबरोबर मी स्वतःच सांगितलं की गेले काही महिने तुम्हाला जे आवडतंय ते हिनं केलंय. त्यानं मानसीचं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं, तिसऱ्यांदा बरोबर, आणि थेट तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. माझ्याकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही. कामाची माणसं अशीच असतात. मीही तशीच होते.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर मी घरची भिंत बघितली. उजव्या डोळ्यानं ती पांढरी होती, जराशी निळसर. डाव्यानं बघितली तर चहात बुडवून काढलेल्या कागदासारखी. आलटून पालटून डोळे मिटत मी सगळं घर बघत फिरले. नवऱ्याचे केस, देवघरातली समई, फ्रिज. बल्ब पांढरेच होते. नवरा काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

थोडं बरं वाटल्यावर मी कॉम्प्युटर लावला. माझी मूळ दृश्यं आणि मानसीनं बदलून पाठवलेली दृश्यं शेजारीशेजारी ठेवून बघितली. माझी संध्याकाळ कपड्यांना घालायच्या निळीसारखी होती. दिवे खरंच टिकल्यांसारखे होते. मानसीनं नुसती दुरुस्ती केली असेल अशी माझी कल्पना होती. तसं नव्हतं. एका दृश्यात तिनं शहराचा अख्खा एक भाग अंधारात सोडला होता आणि त्यात एकच जिना उजळला होता. त्या जिन्यावरून ती इंजिनियर बाई घरी येते. माझे डोळे चांगले असते तरी मला हे सुचलं नसतं. मी ते दृश्य बराच वेळ लावून ठेवलं. मग मानसीला फोन करून म्हणाले, "जिना छान झालाय." पलीकडून "हो?" एवढंच आलं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत शेवटचं दृश्य आमच्यासमोर आलं. म्हातारी इंजिनियर बाई डोंगराच्या कड्यावर उभी राहून शहराकडे शेवटचं बघते. मानसी म्हणाली, "ताई, हे तुम्ही करा. मी हात लावणार नाही."

मी केलं. लोहगडवाडीला बसून मी जे पाहिलं होतं तेच केलं. प्रत्येक दिव्याला मोठं कडं, सगळं शहर किंचित पिवळसर, लांबचे दिवे एकमेकांत मिसळलेले. म्हातारीला तिचं शहर असंच दिसलं असतं, याची मला खात्री होती. इतक्या वर्षांत इतकं माहितीतलं काम मी कधी केलं नव्हतं.

मीटिंगमध्ये दिग्दर्शकानं ते पाहिलं आणि विचारलं, "एवढं धुकं का?"

मी काही बोलायच्या आत मानसी बोलली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला मी ऐकला. ती इंग्रजीत अडखळत, पण न थांबता सांगत होती की हे धुकं नाही, ही बाई सत्तरीची आहे, हे तिच्या डोळ्यांनी दिसणारं शहर आहे, ती त्याच्यात जगली आहे आणि आता तिला ते नीट दिसतसुद्धा नाही. यातच सगळं आहे.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कळतंय मला. पण बघणारे सत्तरीचे नाहीत. त्यांना शहर स्वच्छ दिसू दे."

मीटिंग संपली. मानसी तशीच पडद्याकडे बघत बसली होती. मी म्हणाले, "काढ."

"ताई..."

"काढ गं. त्याचं शहर आहे."

तिनं काढलं. कडी गेली, पिवळेपणा गेला, दिवे एकेकटे चमकायला लागले. सुंदरच होतं. पहिल्या फटक्यात पास झालं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाईट वाटण्याइतकी ताकद उरली नव्हती. ते काम संपलं आणि मी स्टुडिओला कळवलं की आता पुरे. कुणी फार आग्रह केला नाही. तसंही आता शहराचं वर्णन टाइप केलं की मशीन क्षणात शहर काढून देतं, दिव्यांसकट. खिडकीमागे कोण राहतं हे त्याला ठरवावं लागत नाही. चित्रं चांगली असतात. कुणाला फरक कळत नाही, आणि कधीकधी मलाही कळत नाही, हे जास्त थकवणारं आहे. मानसी अजून काम करते. तिच्या हाताखाली आता चार जण आहेत आणि ती त्या मशीनशीही जुळवून घेते आहे. जेवढं बिघडतं तेवढं दुरुस्त करते, म्हणाली. तिला त्याची सवय आहे.

मालिका आली त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघी पुन्हा लोहगडवाडीला गेलो. गाडी मीच चालवली. सुमनमावशींच्या टपरीवर गर्दी ओसरली होती. चहा सांगितला आणि मानसीनं मोबाइलवर शेवटचा भाग लावला, मावशींना दाखवायला. मावशींनी पदराला हात पुसले, मोबाइल लांब धरला आणि शहर येईपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

"लय मोठं गाव हाय गं. कुटं आलं ह्ये?"

"कुठंच नाही मावशी," मी म्हणाले. "हे आम्ही कॉम्प्युटरवर केलंय."

"आन् मग येवढं दिवं कुनी लावलं?"

मी मानसीकडे बोट दाखवलं. "हिनं."

मावशींनी मानसीला खालपासून वरपर्यंत बघितलं. "समदं?"

वर्षभरापूर्वी मानसी लगेच म्हणाली असती, नाही हो, ताईंनीच. मी वाटही बघत होते. ती किंचित लाजली, मोबाइल परत घेतला आणि म्हणाली, "हो मावशी. समदे."

मला ते जरा लागलं. मग मी मावशींना आणखी एक चहा सांगितला, आणि आम्ही दोघी दरीत दिवे लागेपर्यंत बसून राहिलो.